सशांची खांदशेकणी

तमाम बंधू-भगिनींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या घरातले दोन पांढरे ससे कुणालाही न विचारता पिवळे करण्यात आले आहेत. या घटनेची जबाबदारी अद्याप कुणीही स्वीकारलेली नाही. संशयिताचे वय ऐंशीच्या घरात असून तो आमच्याच ओसरीत, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे. त्याच्या बोटांना हळद लागलेली आहे. थोडी मिशीलाही आहे. तरी जनतेने शांतता राखावी.

जनतेने शांतता राखली नाही. जनता म्हणजे आमची मुलगी. पोळ्याच्या सकाळी ती सशांना कोथिंबीर द्यायला ओसरीत गेली आणि तिथून अशी किंचाळली की माझ्या हातातला पुरणाचा झारा खाली पडला.

"आबाजीऽऽ! ये क्या कर दिया आपने!"

मी धावत गेले. खाटेखाली दोन ससे एकमेकांना चिकटून बसले होते. खांद्यापासून पाठीपर्यंत पिवळेधमक. आणि ओले. आणि, जवळ जाऊन वास घेतला तेव्हा कळलं, साजूक तुपात माखलेले.

आता तुम्हाला आमचं घर दाखवते, म्हणजे गुन्ह्याची जागा समजेल. हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरातलं एक साधं घर. पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर, मध्ये दोन खोल्या, मागे ओसरी आणि ओसरीपुढे फरशीचं अंगण. नवरा रोज मोटरसायकलने भरवेलीला खाणीच्या ऑफिसात जातो. मुलगी कॉलेजात आहे आणि तिला मराठी समजतं, पण रागावली की ती फक्त हिंदीत रागावते. आणि ओसरीतल्या खाटेवरचा तो संशयित म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मामाजी आयुष्यभर लालबर्र्याजवळच्या आमच्या गावात राहिले. धानाची शेती, एक बैलजोडी, आणि एक बायको जिच्याशी ते दिवसभर भांडायचे. बायको, म्हणजे माझी सासू, गेली. मग ते एकटेच राहू लागले. उन्हाळ्यात एकदा विहिरीपाशी पाय घसरून पडले आणि शेजारी राहणारा पुतण्या शेतातून परत येईपर्यंत तसेच पडून राहिले. त्याच दिवशी नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं. बैलजोडी कुणी विकली नाही, भाच्याला दिली. मामाजी मात्र ती विकल्यासारखंच गप्प झाले.

आमच्या घरात ते पाहुण्यासारखे वागायचे. पाण्याचा माठ समोर असला तरी विचारायचे, "सूनबाई, पानी घेऊ काय?" पंखा लावायचा तरी विचारायचे. मी म्हणायचे, "मामाजी, घर तुमचंच हाय." ते म्हणायचे, "हौ हौ." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या माणसाच्या आवाजाने बांधावरचे बगळे उडायचे, तो माणूस आमच्याकडे खोकतसुद्धा दबकत होता. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मी स्वतः बोलभांड बाई. माझ्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक भुवयांसाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त येतं. अशा घरात एक माणूस परवानगी मागून पाणी पितो, हे मला सहन होत नव्हतं.

अशात ससे आले. मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, नव्या जागी जनावर चालत नव्हतं, आणि आमच्या मुलीने आम्हाला न विचारता "हमारे यहाँ बहुत जगह है" असं जाहीर केलं. ससे लांब केसांचे होते. इतके लांब की तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कोथिंबीर पुढे धरल्यावरच कळायचं. पहिल्याच दिवशी दोघे मामाजींच्या खाटेखाली शिरले आणि तिथेच राहिले.

"हे काय जनावर आनलं वो?" मामाजींनी विचारलं. "ना दूध देत, ना वखर ओढत."

"आबाजी, ये पेट हैं," मुलगी म्हणाली.

"पोट तं मले बी हाय. मी नाई बसत खाटेखाली."

मुलीने सशांना ठेवलेली इंग्रजी नावं मामाजींना उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली: उजवा आणि डावा. जोडीतल्या बैलांना हाक मारावी तशी. त्या दोघी बहिणी आहेत हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तरी मामाजींनी नावं बदलली नाहीत. आणि जनावर काही कामाचं नाही असं म्हणता म्हणता ते सकाळी फिरायला गेले की परत येताना पिशवीतून हरळी आणू लागले. घरात कुणाला न विचारता त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला कोमट तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. मामाजींनी कळायला लागल्यापासून एकही वर्ष हे चुकवलं नव्हतं. त्या सांजेला माझ्या पार्लरमध्ये एका बाईच्या चेहऱ्यावर लेप होता, आणि लेप सुकेपर्यंत मी तिला गप्प बसवून स्वतः बोलत होते. मध्येच ओसरीतून मामाजींचा आवाज ऐकू आला. हळू, प्रेमळ:

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला वाटलं, म्हातारा माणूस, गावची आठवण आली असेल, स्वतःशीच बोलत असेल. मी लेपाकडे वळले. सकाळी मुलगी किंचाळली तेव्हा मला ते वाक्य आठवलं, आणि माझा राग आपोआप अर्धा झाला.

मुलीचा झाला नव्हता. ती रडत होती. "इनके बाल चिपक गए, मम्मी! ये चाटेंगे, बीमार होंगे! किसी से पूछा क्यों नहीं?"

मामाजी खाटेवर उठून बसले. मिशीला हळद तशीच. "घरात बैल नाई," ते म्हणाले. "म्हटलं, जनावर तं हाय. खांदा तं याइले बी हाय. म्हनून..." त्यांनी बोटांची हळद धोतराला पुसली. मग एवढंच म्हणाले, "गनपती उठले का मी गावाले जातो. इथी मायं काई काम नाई."

नवरा मधे पडला. "बाबा, तिथी कोन हाय? पुन्हा पडले तं?"

"पडलो तं पडलो. आपल्या आंगनात पडलो."

मामाजी रागाने बोलले असते तर मी भांडून परतवलं असतं. पण ते शांतपणे बोलले, आणि मामाजी जे शांतपणे बोलतात ते करतात, हे माझी सासू मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून गेली होती. गावच्या बंद घरात, कवेलूंचं, कौलारू छप्पर गळत असताना, ऐंशीचा माणूस एकटा राहणार, पुन्हा विहिरीपाशी जाणार, आणि या वेळी पुतण्या वेळेवर येईलच असं नाही. नवऱ्याने त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली नाही. मामाजींनी खाल्ली, पण विचारून.

सशांना टोपलीत घालून मी आणि मुलगी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बोटाने केस उचलून पाहिले.

"काय लावलंय हे?"

"गाईचं तूप आणि हळद," मी म्हणाले. आणि सवयीने पुढे बोलून गेले, "त्वचेला फार चांगलं असतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझं पार्लरचं कार्ड पर्समध्ये परत ढकललं.

त्यांनी सांगितलं ते असं. पाण्याने धुवायचं नाही, शाम्पू तर नाहीच. सशाला अंघोळ घातली तर तो घाबरूनच अर्धमेला होतो. कोरडं कॉर्नफ्लॉवर चोळायचं, ते तूप शोषून घेतं, मग थोडं थोडं विंचरायचं. ओढायचं नाही, कारण सशाची कातडी फार नाजूक, केसांबरोबर फाटू शकते. उताणं करायचं नाही. खातात की नाही, लेंड्या टाकतात की नाही, यावर लक्ष ठेवायचं. आणि लवकर करायचं, कारण गाठी घट्ट झाल्या की खाली कातडी दुखते आणि हलणं-बसणं अवघड होतं.

"पण पकडून करू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही जितकं पकडाल, तितके ते पळतील. त्यांना स्वतःहून यावंसं वाटलं पाहिजे."

मी मनात हसले. मी कित्येक वर्षं नवऱ्या मुली सजवत आले आहे. मांडवात रडून चेहरा सुजलेल्या, आदल्या रात्री स्वतःच कात्रीने केस कापून बसलेल्या, ऐनवेळी "मला हे लग्न करायचंच नाही" म्हणणाऱ्या. त्या सगळ्या माझ्या खुर्चीत बसल्या. माझ्यापुढे दोन सशांची काय कथा?

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बाहेर नारबोदीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली होती. रोगराई गावाबाहेर हाकलून द्यायच्या त्या आरोळ्या विरल्या, तसा मी पार्लरमध्ये दरबार भरवला. खुर्चीवर टॉवेल. गळ्याभोवती बांधायला नॅपकिन. कॉर्नफ्लॉवरची वाटी, चार प्रकारचे कंगवे, आणि माझा सगळ्यात गोड आवाज. "ये राजा, ये. आज तुला असं सजवते की..." मी उजव्याला उचलून खुर्चीवर ठेवलं आणि कंगवा पाठीला लावला.

सशाला आवाज नसतो असं म्हणतात. पण मागचा पाय आपटला की त्याचा आवाज होतो. धप्प. तो एवढ्याशा जनावराचा आहे यावर विश्वास बसत नाही. धप्प, आणि ससा माझ्या खांद्यावरून, आरशावरून, कॉर्नफ्लॉवरच्या वाटीतून उडाला. तेवढ्यात दारातून भरवेलीच्या कॉलनीतली एक बाई आत आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ती मेकअपचं विचारायला आली होती. तिच्या दोन पायांमधून एक पिवळा, पीठ माखलेला ससा सुसाट गेला. आमच्या अंगणाच्या दारापर्यंत तिने त्याला मान वळवून पाहिलं.

"अवो बाई," ती म्हणाली, "याले तं हळद लागली वाट्टे! लगन कवा हाय?"

त्या बाईने ती गोष्ट कॉलनीभर केली. त्यानंतर जे कोणी पार्लरला आलं, ते आधी नवरदेव कोणता आणि वरात कुठून निघणार हेच विचारायचं. मीही उत्तरं द्यायचे. "वरात तिरोडीहून येऊन राह्यली, गाडी लेट हाय." दुसरा काही उपाय नव्हता.

पण मागे ओसरीत हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सशांनी मामाजींची खाट सोडली. ते वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसले आणि कोणी ओसरीत पाऊल टाकलं की पाय आपटायचे. कोथिंबीर आम्ही निघून गेल्यावर खायचे. खात होते, लेंड्या टाकत होते, एवढंच समाधान. मामाजी सकाळी हरळी आणायचे, मशीनजवळ ठेवायचे आणि मागे सरायचे.

"पाह्यलं काय सूनबाई," ते मला म्हणाले. "माह्या खाटेखालचे बी निंगून गेले."

मी सशांनी सांडलेली कोथिंबिरीची देठं गोळा केली.

गणपती बसले. आमच्या रस्त्याच्या टोकाला मंडप, संध्याकाळी आरती, दिवसभर भोंगा. मामाजी मूर्तीसमोर हात जोडून यायचे आणि मग अंगणात, उन्हाकडे पाठ करून, खाली बसायचे. त्यांनी कुठूनसं अंबाडीचं सूत आणलं होतं. दावं वळत बसायचे. बैलाच्या गळ्यातलं दावं.

"कोनासाठी वळता, मामाजी?"

"कोनासाठी नाई. हात रिकामा बसत नाई."

पायाच्या अंगठ्यात सुताचं एक टोक अडकवलेलं, दोन्ही तळहात एकमेकांवर घासत चाललेले, नजर कुठेतरी भिंतीपल्याड. ते कोणाला बोलावत नव्हते, कोणाला पकडत नव्हते. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, डावा बसलेला. मान लांब केलेली. दाव्याचं मागे सोडलेलं टोक त्याच्या तोंडात. कुरतडणं चाललंय.

मी आनंदाने जवळजवळ ओरडणारच होते. मामाजींनी मागे न बघता, ओठ न हलवता म्हटलं, "पाहू नको वो तिकडं. पाह्यलं का जाते ते."

त्या दिवसापासून आमच्या घरात न बघण्याचा नियम लागू झाला. मी अंगणात तांदूळ निवडायला बसायचे आणि सशांकडे बघायचे नाही. नवरा सुट्टीच्या दिवशी पेपर घेऊन बसायचा आणि बघायचा नाही. त्याला तर पेपरमधलंही काही दिसत नव्हतं, कारण पेपर उलटा होता. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "भांडन झालं काय तुमचं? कोनी कोनाकडं पाहून नाई राह्यलं." मी म्हटलं, "हौ, मोठं भांडन हाय. तूही पाहू नको."

मुलगी पोळ्यापासून आजोबांशी धड बोललीच नव्हती. तिचा राग गेला होता, पण ती किंचाळली होती त्याचं ओझं तिच्यावर होतं, आणि ते कसं उतरवायचं हे तिला कळत नव्हतं. एक दिवस तीही येऊन त्यांच्याजवळ फरशीवर बसली. मोबाईलकडे बघत. बराच वेळ.

"आबाजी," ती म्हणाली, "सॉरी."

"सारी-बिरी काई नाई," मामाजी म्हणाले. "तिकडं पाहू नको."

मग तिने त्यांना दाव्याचं एक सूत धरून दिलं. तिला वळता येईना. ते म्हणाले, "कॉलेजात हेच शिकोते काय?" ती हसली. ससे पळाले नाहीत.

उजवा तसा भोळा निघाला. दोनेक दिवसांत तो पुढे येऊन मामाजींच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासू लागला. ससे असं करतात तेव्हा ते ती वस्तू आपली म्हणून जाहीर करत असतात, असं मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलं. मामाजींनी ते दोनदा वाचून घेतलं. त्या दुपारी उजवा त्यांच्या पावलावर डोकं टेकून इतका वेळ बसला, की मामाजींनी मला कुजबुजत हाक मारली.

"सूनबाई. पायाले मुंग्या आल्या. आता काय करू?"

"हलू नका!" मी दारातून कुजबुजले.

"तं मंग चहा आन."

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. घेऊ काय, नव्हे. आन. मी चहा इतका घाईत केला की साखर टाकायची राहिली, आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

त्या दिवशी मी मोठ्या दातांचा लाकडी कंगवा आणि कॉर्नफ्लॉवरची वाटी त्यांच्या बाजूला ठेवून दिली. त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "मी नाई. पुन्हा मीच काई करून ठेवीन."

"तुम्ही फक्त तळहाताला पीठ लावा," मी म्हटलं. "बाकी त्याले ठरवू द्या."

त्यांनी तळहाताला पीठ लावलं, हात फरशीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. उजव्याने हाताचा वास घेतला. जीभ लावून पाहिली. मग स्वतःच त्या हाताखाली शिरला. मामाजींनी इतक्या हळू पीठ चोळलं की जणू सशाला कळू नये.

मग विंचरायचं आलं. इथे माझी विद्या उपयोगी पडली, पण अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, कारण मी जवळ गेले की धप्प. "मामाजी, गाठ मुळाशी चिमटीत धरा. म्हणजे ओढ कातडीले लागत नाई. आता टोकापासून सोडवा. वरून नाई, टोकापासून. एक गाठ सुटली की थांबा. त्याले उठून जायचं असन तं जाऊ द्या."

पहिल्या गाठीनंतर उजवा उठून गेला. पुन्हा आला. दुसऱ्या गाठीनंतर पुन्हा गेला. कधी पाठ फिरवून बसायचा आणि पाय आपटायचा, म्हणजे आज पुरे. मामाजी पुरे म्हणायचे. जी गाठ सुटली तिचे पिवळे, चिकट केस ते बाजूला रचून ठेवायचे.

एकदा विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तुह्या सासूचे केस तू असेच विंचरत होतीस. टोकापासून."

सासू आजारपणात आमच्याकडेच होती. तिचे केस गळत होते, गुंतत होते, आणि ती कुणालाही हात लावू द्यायची नाही. मी रोज एक गाठ सोडवायचे आणि तिला गावच्या भांडणांच्या गोष्टी सांगायला लावायचे. मामाजी तेव्हा दारात बसलेले असायचे. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही.

"हौ," मी म्हटलं.

"तुले कोनी शिकोलं?"

"तिनंच," मी म्हटलं. "मी लग्न होऊन आली तवा माहेच केस विंचरून दिलते तिनं."

मामाजींनी पुढची गाठ चिमटीत धरली.

गणपतीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत उजवा पुन्हा पांढरा झाला. किंचित पिवळसर झाक राहिली, जुन्या धोतराला असते तशी. पण डावा वेगळ्या मातीचा होता. तो यायचा, मामाजींच्या मांडीला टेकून पसरायचा, पण नेहमी एकाच बाजूने. वरची बाजू विंचरू द्यायचा. खालची, मांडीला लागलेली बाजू, त्याची खाजगी. तिथे हात गेला की धप्प. त्याला उचलून वळवायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे डावा एका बाजूने गेला तर पांढराशुभ्र आणि परत आला तर पिवळा दिसायचा. भरवेलीची ती बाई पुन्हा आली आणि म्हणाली, "एकच अंग माखलं का वो? हळद संपली काय?"

विसर्जन झालं. ढोल रस्त्यावरून गेले तेव्हा दोन्ही ससे मामाजींच्या खाटेखाली जाऊन बसले होते, वॉशिंग मशीनच्या मागे नाही. मी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बाबा काय म्हनतात?" मी म्हटलं, "काई नाई." मामाजी खरोखर काहीच म्हणाले नव्हते. राहतो असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले. त्यांनी शब्द दिला होता, आणि ते शब्दाचे पक्के. नवऱ्याने रजा टाकली होती. त्यालाही वडिलांना अडवायचं धाडस नव्हतं. त्याने मोटरसायकल बाहेर काढून पुसायला घेतली आणि ती आधीच स्वच्छ असूनही पुसतच राहिला. मी डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी भरत होते. मी वाटेल त्या प्रसंगाला शोभेल असं भाषण करू शकते. लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही. त्या सकाळी मी फक्त पोळ्या मोजल्या. मुलगी उंबऱ्यावर बसून होती आणि मोबाईल बंद होता.

मामाजी सशांचा निरोप घ्यायला म्हणून अंगणात बसले. कंगवा बाजूलाच होता, तो त्यांनी सवयीने हातात घेतला. डावा आला. नेहमीसारखा त्यांच्या मांडीला टेकला, नेहमीसारखी पांढरी बाजू वर. थोडा वेळ तसाच राहिला. मग उठला, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि धपकन दुसऱ्या कुशीवर आडवा झाला. पिवळी बाजू वर. मागचे पाय लांब पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले.

मुलीने तोंडावर हात धरला. मी पोळ्या, डबा, सगळं ओट्यावर ठेवून दिलं.

मामाजींनी तळहाताला पीठ लावलं. एक गाठ चिमटीत धरली. टोकापासून सोडवायला घेतली. डावा हलला नाही. दुसरी गाठ. ऊन अंगणाच्या मधोमध आलं. तिसरीला ते वाकून इतके जवळ गेले की टोपी सशाच्या कानाला लागली.

बाहेर हॉर्न वाजला. नवऱ्याला आतलं काही माहीत नव्हतं. पुन्हा वाजला. मग तो चाव्या वाजवत, बूट न काढता, सरळ अंगणात आला. "चला बाबा, निंगा लवकर. लालबर्र्याच्या पुढं रस्ता खराब हाय, ऊन होईन."

मामाजींनी मान वर केली. इतके दिवस कुजबुजत असलेला तो माणूस, सगळा न बघण्याचा आणि न बोलण्याचा नियम विसरून, बांधावरून हाक मारावी तसा भर आवाजात ओरडला:

"अबे, अर्धा ससा टाकून मानूस गावाले जाते काय?"